सोलापुरातील एका ख्रिस्ती समुपदेशन केंद्राचा अनुभव

आपण समलिंगी असल्याचे धाकट्या मुलाने सांगितले, तेव्हा पाळकसाहेबांच्या सल्ल्याने आम्ही जुळे सोलापुरातून शहरातील एका सुवार्तिक संस्थेच्या समुपदेशन केंद्रात जाऊ लागलो. केंद्राचे नाव देत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांबद्दल नसून त्यांनी देऊ केलेल्या सेवेबद्दल आहे.

खोली स्वच्छ आहे, वेळ पाळली जाते, पहिल्या भेटीचे शुल्क नाही. समुपदेशक बाईंनी मुलाला आधी पाणी दिले, तासभर एकदाही न टोकता त्याचे ऐकून घेतले आणि त्याला घराबाहेर काढण्याचा विचार मनातही आणू नका, असे आम्हाला बजावले. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु दुसऱ्या भेटीत १२ चौकोनांचे कार्ड पुढे आले: १२ भेटी, दर शुक्रवारी उपवास आणि शेवटी मुलाच्या लैंगिक कलात ‘पूर्ण बदल’. लेवीय १८:२२ आणि रोमकरांस १:२६-२७ या, समलिंगी संबंधांविरुद्ध सांगितल्या जाणाऱ्या, वचनांखाली पेन्सिलीने रेघा ओढलेले पवित्र शास्त्र त्यांनी मुलाच्या हाती दिले. ती वचने त्याला लहानपणापासून ठाऊक आहेत; त्याने न वाचताच ते अलगद मिटले.

विवाह स्त्री-पुरुषांचाच, ही बहुतेक सुवार्तिक मंडळ्यांची शिकवण आहे, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती असलेल्या आमच्या घरात मीही तीच ऐकत वाढलो. पण शिकवण सांगणे वेगळे आणि बदलाची हमी देणे वेगळे. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेली एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था हीच आशा दाखवत आली. आपल्या भेटीत आलेल्या जवळजवळ कोणाचाच लैंगिक कल बदलला नाही, हे तिचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी २०१२ मध्ये मान्य केले, आणि पुढच्या वर्षी जाहीर माफी मागून संस्था बंद करण्यात आली. आपल्याकडेही २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याचे असे उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे केंद्र डॉक्टरांचे नाही, हे खरे. तरी डॉक्टरला जे मना आहे ते प्रार्थनेच्या नावाने करावे, हे मला पटत नाही.

पाचव्या भेटीनंतरच्या मंगळवारी मुलाने ताट बाजूला सारले. उपवासाचा वार नव्हता. त्याच्या आईने कार्ड परत पाठवले आणि आम्ही जाणे थांबवले.

पहिल्या भेटीसाठी पालकांनी अवश्य जावे, कार्ड मात्र घेऊ नये. केंद्राने केवळ आई-वडिलांसाठी भेटी सुरू केल्या, तर मी शुल्क भरून पुन्हा येईन.