बिडाचा तवा: 10 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात ठाण्यात जांभळी नाक्यावरून 10 इंची बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला. घावन, आंबोळ्या, थालीपीठ, रोज काहीतरी होतंच त्याच्यावर. याआधीचा तवा माझ्याच हातून फुटला. ते आधी सांगते, कारण बीड म्हणजे काय हे मला त्या तुकड्यांतून कळलं.

गरम तवा नळाखाली धरला, टण्‌कन आवाज झाला आणि कडेपासून मधोमध तडा. तुटलेली बाजू साध्या लोखंडासारखी चकाकत नव्हती, राखाडी, दाणेदार. तो राखाडीपणा ग्राफाइटचा. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि रस थंड होताना त्यातला बराचसा ग्राफाइटचे पापुद्रे होऊन वेगळा पडतो. पेन्सिलीत असतं तेच हे: एका थरातले अणू घट्ट बांधलेले, पण थराथरांतली पकड ढिली. निव्वळ धातूत इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक, त्यामुळे थर सरकले तरी पकड सुटत नाही. म्हणूनच भाकरीच्या पत्र्याच्या तव्याला पोचा पडतो, तो फुटत नाही. बिडातले पापुद्रे मात्र आत आधीच पडलेल्या चिरांसारखे. धक्का बसला किंवा एकदम गार पाणी लागलं, की तडा त्याच वाटेने धावतो.

घावन सुटतं ते तेलामुळे. जवसाचं तेल अगदी पुसट लावून धूर येईपर्यंत तापवायचं, असं पाच वेळा केलं. तेलाच्या रेणूंतले दुहेरी बंध उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने उघडतात, रेणू एकमेकांत गुंफतात आणि टणक काळा थर बसतो. पहिल्यांदा तेल जास्त झालं, तर चिकट डाग राहिले. सगळं घासून पुन्हा करावं लागलं. टोमॅटो-चिंचेचं काही यावर शिजवू नका, थर निघतो. आंबोळीचं पीठही आंबटच, पण ती दोन-तीन मिनिटांत उतरते.

बिडात उष्णता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बरीच सावकाश पसरते. मंद आचेवर 7-8 मिनिटं थांबावंच लागतं. पण एकदा तापला की वजनामुळे उष्णता धरून ठेवतो. पीठ ओतलं तरी गार पडत नाही आणि जाळी सुरेख पडते. माझ्या आधीच्या नॉनस्टिकवर अशी कधीच पडली नाही.

जुलैत एका रात्री ओलसर राहिला, सकाळी नारिंगी ठिपके. आता पुसून दोन मिनिटं गॅसवर, मग तेलाचा हात. मनगट दुखत असेल तर 8 इंचीच घ्या. माझ्या आईला हा एका हाताने उचलत नाही.