फौंड्रीच्या जागेवरची मोठी वसाहत: राहून बघितल्यावरचा अनुभव

कोल्हापुरात उद्यमनगरच्या अंगाला जुनी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, पाडून एक मोठी वसाहत उठली आहे. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट आणि मागं बाग. दिवाळीपासून आम्ही तिथं राहतोय. उन्हाळा गेला, निम्मा पावसाळाही झाला, म्हणून आता लिहितोय. बिल्डरचं नाव घालत नाही.

आधी बागेचं. ब्रोशरमध्ये ती एकच दिसते, प्रत्यक्षात दोन आहेत. एक पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर माती पसरून केलेली. फोटो सगळे तिचेच. मातीचा थर जेमतेम फूट-दीड फूट, त्यात लॉन येतं, फुलझाडं येतात, पण मोठं झाड नाही. मुळांना खाली जायला जागा नाही आणि स्लॅबवर ओझं तरी किती घालणार? एप्रिलमध्ये तिथली फरशी इतकी तापते की दिवे लागेपर्यंत पोरं फिरकत नाहीत. पावसात निचऱ्याची जाळी पानांनी तुंबली की खाली गाड्यांवर ठिबक सुरू. याची तक्रार लेखीच द्या. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा कायदाच सांगतो. तोंडी सांगितलं की फक्त ‘माणूस पाठवतो’ एवढं ऐकायला मिळतं.

दुसरी बाग मागं, खऱ्या जमिनीवर. ती मात्र नाद खुळा! फौंड्रीच्या काळातले कडुनिंब, चिंच आणि एक वड राखलेत. ५० वर्षांवरच्या झाडाला राज्याच्या वृक्षकायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं हेरिटेज दर्जा मिळाला, त्यामुळं ते तोडणं आता सोपं राहिलेलं नाही. बिल्डरनं मायेनं राखली की कायद्याच्या धाकानं, मला देणंघेणं नाही. सकाळी म्हातारी माणसं, संध्याकाळी पोरं, दुपारी डिलिव्हरीवाले, सगळे वडाखालीच. पण लॉन काही धरेना, लावलं की पिवळं. आमच्या मजल्यावर एक काका आहेत, हयात ओतकामात गेलेली. त्यांनी खणलेल्या जागेतली मूठभर माती चोळून बघितली आणि म्हणाले, ‘‘माती कुठली हो, ही मोल्डिंगची, ओतकामाच्या साच्यातली जळकी वाळू हाय.’’ कारखाना पाडला, भराव तसाच राहिला. शेवटी शेणखत आणि गाळमाती आणून वाफे भरले, तेव्हा कुठं हिरवं दिसायला लागलं. खर्च अर्थात मेंटेनन्समधून.

आता दुकानं. खाली दुकान, वर बिऱ्हाड हे कोल्हापूरला कुणी नव्यानं शिकवायला नको. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, तिथं आणि लक्ष्मीपुरीत अशी घरं अजून सापडतात. पण तिथं खालच्या धंद्याचा धूर वर त्याच घरच्यांच्या नाकात जायचा, म्हणून तो आटोक्यात राहायचा. इथं गाळ्याचा मालक पुण्यात, चालवणारा भाड्यानं आणि तर्रीचा वास आमच्या बेडरूममध्ये. मिसळीशी माझं वैर नाही, पण सकाळी सहाला फोडणी नको. हॉटेलची चिमणी गच्चीपर्यंत न्यायला हवी होती, ती पोडियमच्या वरच सोडून दिली आहे.

सोयी आहेत, नाही म्हणत नाही. औषधं, किराणा, बँक, दवाखाना सगळं चपला घालून जाण्याइतकं जवळ. आईला रिक्षा लागत नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. पाण्याचीही ओरड नाही. कॅफे पण आहे म्हणे. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन प्यायची सवय असलेल्या माणसानं तिथं जाऊन करायचं काय, हा प्रश्न वेगळा.

रविवारी पार्किंगचा मात्र बट्ट्याबोळ. गाळ्यांचं गिऱ्हाईक आणि आमचे पाहुणे एकाच गेटनं आत येतात. वॉचमन दोघांकडूनही शिव्या खातो. मेंटेनन्स चौरस फुटावर, म्हणून दुकानदार म्हणतात, ‘‘बाग आम्ही वापरत नाही, पैसे कशाला?’’ आम्ही म्हणतो, तुमच्या गिऱ्हाइकाचा कचरा कोण उचलतंय? हे मिटवायला सोसायटी पाहिजे. निम्म्याहून जास्त बुकिंग झालं की तीन महिन्यांत ती स्थापन करायला लावणं बिल्डरचंच काम. आमच्याकडं अजून नुसते फॉर्म भरून घेणं चाललंय, तोवर हिशेब बिल्डरच्या ऑफिसातच.

दुसऱ्या टप्प्याचं बुकिंग सुरू झालंय, म्हणून विचारणाऱ्यांसाठी: सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी मंजूर नकाशा मागा. जमिनीवरची बाग किती आणि स्लॅबवरची किती, हे त्यात वेगळं दिसतं. गाळ्यांना वेगळं गेट आहे का, तेही तिथंच कळेल. घ्यायचंच असेल तर वडाकडची विंग घ्या. रस्त्याकडची पाचव्या मजल्याच्या खाली असेल तर भाव कितीही पाडून दिला तरी नको, तिथली खिडकी चिमणीसमोरच उघडते.