१४०२ कार्ड रीडर-पंच : कोणते जादा साधन घ्यावे, कोणते सोडावे

आयबीएमचा १४०१ संगणक १९५९ साली जाहीर झाला. त्याच्या जोडीला, भोकांच्या रूपात माहिती साठवणारी कार्डे वाचणारे आणि पंच करणारे, म्हणजे त्यांत भोके पाडणारे, १४०२ हे यंत्र आले. मिनिटाला ८०० कार्डे वाचणे, २५० पंच करणे, वाचायच्या बाजूला ३००० कार्डांची थप्पी मावेल एवढी जागा आणि वाचून-पंच करून झालेली कार्डे पडायला पाच खण, एवढे मूळ यंत्रातच मिळते. बाकीची साधने जादा, मागाल तर. त्या जादा साधनांचाच हा आढावा आहे. पुण्यात सिम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकात १४०१ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, १४०१ चालवून पाहणाऱ्यांना आणि एखाद्या महाविद्यालयाच्या भांडारात असे जुने यंत्र सापडलेच तर ते तपासणाऱ्यांना तो कामी यावा.

सगळ्यात आधी घ्यावे ते अर्ली कार्ड रीड. ते का, हे कळायला क्लच, म्हणजे फिरत्या मोटरची गती कार्ड सरकवणाऱ्या भागाला जोडणारी पकड, समजून घ्यावा लागतो. ८०० कार्डांचा वेग म्हणजे एका कार्डाला ७५ मिलिसेकंद. त्यातले २१ कार्ड सरकायला, ४४ प्रत्यक्ष वाचायला जातात आणि संगणकाला हिशोबासाठी उरतात १० मिलिसेकंद. १४०१ च्या स्मृतीचे एक आवर्तन ११.५ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे या १० मिलिसेकंदांत सुमारे ८७० आवर्तने बसतात. एकेका आज्ञेला अनेक आवर्तने लागतात, त्यामुळे ही सवड बघता बघता संपते.

आणि ती थोडी जरी हुकली तरी मार मोठा बसतो. मूळ यंत्रात क्लच पकडण्याची जागा फेऱ्यात एकच आहे. हिशोबाला १० ऐवजी १४ मिलिसेकंद लागले की ती जागा निघून जाते आणि पुढच्या जागेसाठी पूर्ण फेरा थांबावे लागते. कार्डामागे ७५ चे १५० मिलिसेकंद होतात, वेग ८०० वरून थेट ४०० वर येतो. ३००० कार्डांची थप्पी पावणेचार मिनिटांऐवजी साडेसात मिनिटे घेते, तीही चार मिलिसेकंदांच्या उशिरापायी.

अर्ली कार्ड रीडमध्ये क्लच पकडायला तीन जागा मिळतात, दर २५ मिलिसेकंदांनी एक. तोच १४ मिलिसेकंदांचा प्रोग्रॅम मग १०० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात, म्हणजे मिनिटाला ६०० कार्डांनी चालतो. हिशोबाला ४० लागले तर १२५ चा फेरा, ४८० कार्डे. प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही, हा याचा खरा गुण. पंचाच्या बाजूला २४० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात चार जागा मुळातच दिलेल्या आहेत. वाचनाच्या बाजूलाही तशी सोय मुळात असायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र हिशोब नेहमीच १० मिलिसेकंदांत आटपत असेल, तर या साधनाचा काडीचा उपयोग नाही.

दुसरे साधन रीड-पंच रिलीज. त्यात ८ ही आज्ञा दिली की वाचनाचे कार्ड सरकायला लागते आणि त्या २१ मिलिसेकंदांत संगणक मोकळा राहतो (पंचासाठी आज्ञा ९). हिशोबाची सवड १० वरून ३१ होते, त्यामुळे वरचा १४ चा प्रोग्रॅम पूर्ण ८०० ने धावतो. पण इथे शिस्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पाळायची. ८ ही आज्ञा पहिल्या १० मिलिसेकंदांत द्यायची, उरलेले काम २१ च्या आत संपवून १ ही वाचनाची आज्ञा द्यायची. ती उशिरा आली तर यंत्र थांबते. खण निवडण्याची के आज्ञाही वाचनानंतर १० मिलिसेकंदांच्या आतच हवी. ज्या कामात एखादेच कार्ड जास्त वेळ खाते, उदाहरणार्थ चुकीचा ग्राहक क्रमांक आला की वेगळी छपाई, तिथे रिलीज वापरताना सगळ्यात लांब वाट मोजून घ्यावी. सरासरी काढून भागत नाही.

पंच फीड रीड कामापुरतेच घ्यावे. पंचाच्या अलीकडे, भोके ओळखणाऱ्या ८० ब्रशांचा (कार्डाच्या प्रत्येक उभ्या कॉलमला एक) आणखी एक संच बसतो, त्यामुळे कार्ड वाचून त्याच कार्डावर उत्तर पंच करता येते. शिलकीची, बिलाची कार्डे असतील तर फार सोयीचे. चूक ठरलेली आहे: आधीच भोके असलेल्या कॉलमवर पुन्हा पंच केले की ३ वर ५ बसून कसलेच अक्षर न होणारी जोडी तयार होते. संगणकाच्या स्मृतीत पंचासाठी राखलेल्या जागेत ते कॉलम कोरे ठेवायचे, एवढे सांभाळले की झाले.

कॉलम बायनरीने एका कॉलमच्या १२ रांगा सहा-सहाच्या दोन भागांत वाचल्या जातात. १२, ११, ०, १, २, ३ या वरच्या रांगा स्मृतीतल्या ४०१ ते ४८० या जागांत, ४ ते ९ या खालच्या ५०१ ते ५८० मध्ये. दुसऱ्या यंत्राची बायनरी कार्डे आणायची असतील तरच घ्यावे. दाट भोकांचे कार्ड कमजोर होते आणि अडकते.

५१ कॉलमची आखूड कार्डे वाचण्याची सोय, बिलाचे फाडून घ्यायचे तुकडे परत येत नसतील, तर सोडावी. नेहमीच्या कार्डांकडे वळताना जोडणी बदलण्यात वेळ जातो.

साधन कोणतेही असो, कार्ड नीट सरकले नाही तर सगळे फुकट. कार्डाची जाडी ७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). हॉपरच्या, म्हणजे थप्पी ठेवायच्या खोक्याच्या, तोंडाची फट एक कार्ड जाऊ देईल आणि दोन अडवेल एवढीच, म्हणजे ७ ते १४ थाऊच्या मध्ये हवी. कार्ड ढकलणाऱ्या सुरीची धार एका कार्डाच्या जाडीहून कमी पुढे असावी. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दोन्ही टोकांना मोजावे, कारण एक बाजू जास्त असली की कार्ड तिरके जाते. मग तपासणीच्या आणि वाचनाच्या ब्रशांनी मोजलेली भोके जुळत नाहीत आणि यंत्र थांबते. वाचन ९ च्या, म्हणजे खालच्या, कडेने सुरू होते, म्हणून कोपरा कापलेली बाजू पाहून थप्पी लावावी, ठोकून सरळ करावी आणि मगच घालावी.

पुण्यात जुलैच्या ओलीत कार्डे फुगतात, वाकतात आणि फटीत अडतात. एप्रिलच्या कोरड्या दुपारी उलटे होते: घर्षणाने वीज साठून कार्डे एकमेकांना चिकटतात, एकाऐवजी दोन निघतात. गठ्ठे आदल्या दिवशीच यंत्राच्या खोलीत आणून वजनाखाली ठेवावेत आणि घालण्याआधी कडेने फुलवून त्यात हवा भरावी.