गाडीचा विमा स्वतः काढला, हप्त्यासाठी पिग्मी लावली: नऊ महिन्यांचा हिशोब

जून महिना आमच्या घरात कधीच सरळ जात नाही. पोरांची फी, वह्या-पुस्तकं, पावसाआधी कौलं परतून घ्यायची, आणि नेमका त्याच महिन्यात गाडीचा विमा. गाडी २०१९ ची, पेट्रोल, ११९७ सीसी. आम्ही ती २०२२ च्या जूनमध्ये जुनी घेतली. पहिली तीन वर्षं ओळखीतल्या एजंटाचा मेसेज यायचा, "वैनी, रिन्युअल आलंय," खाली एक आकडा. मी भिशी किंवा दिवाळीचं शिल्लक मोडून तो भरायची. कशाचे किती हे एकदाही विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये आकडा आला १३,५३०. त्याच दिवशी कॉलेजची फी भरून आले होते. म्हटलं, आज फोड मागायचीच. एजंट बिचारा चांगला माणूस, त्यानं लगेच पाठवली. ती बघून मी ऑनलाइन दोन-तीन ठिकाणी तेच भरून पाहिलं आणि शेवटी ११,३३५ ला पॉलिसी घेतली. त्यासोबत दुसरी गोष्ट सुरू केली, रोज ५० रुपयांची पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज गोळा होणारी ठेव, फक्त गाडीच्या नावानं. आता मार्च आहे. मधल्या काळात एक ओरखडा, एक अपघात आणि एक क्लेम झाला, म्हणून लिहायला बसले.

आधी फोड. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचे, ३,४१६. हा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला सगळीकडे तोच, त्यामुळे तिथं घासाघीस करून उपयोग नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा ३३०. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टांचा घसारा कापू नये म्हणून, १,७००. राहिला ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. तो आमचा ६,४०० होता, त्यातून तीन वर्षं क्लेम न घेतल्याचा ३५ टक्के नो क्लेम बोनस गेला, उरले ४,१६०. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. कंपन्यांची खरी स्पर्धा असते ती या ओन डॅमेजमध्ये. त्याच्या जुन्या टॅरिफमध्ये पुणे, मुंबई, बेंगळुरू अशी मोठी शहरं ए झोनमध्ये आणि बेळगाव, कोल्हापूर, निपाणी बी झोनमध्ये, म्हणून मूळ दर आपल्याकडे थोडा कमी. बेळगावात राहण्याचे असे फायदे कुणी सांगत नाही.

ऑनलाइन बघताना एक गोष्ट खटकली. सगळ्यात स्वस्त कोटेशन वर दिसतं, पण त्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, गुपचूप खाली आणलेली असते. आम्हाला एकानं ३ लाख १० हजार धरून हप्ता दाखवला. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हातात तेवढेच येणार. मी ती ४ लाख करून घेतली, हप्ता काहीशे रुपयांनी वाढला. आणि बोनसच्या रकान्यात खरं तेच लिहा. ओळखीच्या एका बाईंच्या जुन्या गाडीला कुणीतरी आधीच्या मालकाचा बोनस तसाच चिकटवला होता. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. क्लेमच्या वेळी ते उघडं पडलं.

एजंटाच्या यादीतल्या दोन गोष्टी मी काढल्या. इंजिन प्रोटेक्ट ६०० चं आणि रस्त्यावरची मदत १५० ची. त्यातली एक पुढं अंगाशी आली.

ऑक्टोबरात ह्यांनी गाडी मागं घेताना फाटकाच्या खांबाला लावली. मागचा बंपर, दुरुस्ती आणि रंग मिळून ४,२००. हे म्हणाले, "विमा कशाला भरतोय मग? टाकूया की क्लेम." मी वही काढली. क्लेम घेतला की जूनमध्ये बोनस शून्य. नाही घेतला तर ४५ टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी ५०. घेतला तर शिडी पहिल्या पायरीपासून: ०, २०, २५, ३५, ४५. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून वजाबाकी केली, तर फरक येतो ४५, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे आमच्यासारख्याला एका क्लेमची किंमत साधारण सव्वा वर्षाच्या ओन डॅमेजच्या जवळ जाते. वर्षाला ६,२०० धरले तर ७,४४०, जीएसटीसकट ८,७८०. वर प्रत्येक क्लेमला सक्तीचे १,००० आपल्या खिशातले. थोडक्यात, दहा हजारांच्या आतलं नुकसान असेल तर क्लेम म्हणजे आपलेच पैसे पाच वर्षांत परत देणं. हा हिशोब मला ना एजंटानं सांगितला, ना कॉल सेंटरनं. बंपरचे ४,२०० मी दिवाळीच्या ब्लाउजांच्या शिलाईतून दिले.

मग जानेवारी. गडहिंग्लजला माहेरी गेलो होतो, परतताना संकेश्वरच्या अलीकडे रात्री साडेआठला उसाची ट्रॉली कडेला उभी. पंक्चर. मागं रेडियम नाही, दिवा नाही, एक उसाचं वाडं लोंबत होतं तेवढंच. समोरच्या ट्रकचा अप्पर डोळ्यांवर होता. ह्यांनी ब्रेक मारला तरी नाक आत गेलंच. आम्हाला काही झालं नाही. गाडीखालून हिरवं कूलंट डांबरावर ओघळत होतं आणि ट्रॉलीवाला पोरगा आम्हालाच विचारत होता, "लागलं काय वो काकी?" विशीतला असेल. त्याच्यावर काय ओरडायचं? हंगामात या रस्त्यावर रात्री येऊच नये, हे दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी मोडतं.

तेव्हा आठवली ती १५० रुपयांची रस्त्यावरची मदत. टोइंगवाल्यानं बेळगावपर्यंत ३,५०० घेतले. साध्या पॉलिसीत टोइंगचे १,५०० पर्यंत मिळतात, ते नंतर मिळाले. दोन हजार गेले ते माझ्या काटकसरीचे. हे अजून काही बोललेले नाहीत, पण टोइंगची गाडी दिसली की माझ्याकडं बघतात.

खरी चीड आली ती कॅशलेसची, म्हणजे गॅरेजचे पैसे कंपनीनंच परस्पर भरायचे त्याची. कंपनीच्या यादीत बेळगावची तीन गॅरेजं. पहिल्यानं सांगितलं, "त्यांचं काम आम्ही सोडलंय बघा आता." दुसऱ्याकडं दोन आठवड्यांची रांग. तिसरा फोन उचलेना. शेवटी आमच्या नेहमीच्या गॅरेजात काम केलं आणि पैसे आधी आम्ही भरले. कस्टमर केअरला पिनकोड बेळगावचा टाकला की फोन थेट कन्नडमध्ये. ह्यांना वर्कशॉपमुळं चांगलं येतं, मला कामापुरतं. पण "नुकसान बघायला सर्व्हेयर कधी येणार" याचं उत्तर कुठल्याच भाषेत मिळत नव्हतं. तो आला चौथ्या दिवशी, दहा मिनिटं फोटो काढून गेला. काम तेराव्या दिवशी पूर्ण झालं आणि बिलं पाठवल्यावर सव्विसाव्या दिवशी पैसे खात्यात.

बिल असं: बंपर, जाळी, हेडलाइट असं प्लॅस्टिकचं २१,०००. बॉनेट, कंडेन्सर वगैरे धातूचं १३,५००. मजुरी आणि रंग १०,५००. कूलंट, क्लिपा, किरकोळ १,३८०. एकूण ४६,३८०. साधी पॉलिसी असती तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा कापला असता, सहा वर्षांच्या गाडीच्या धातूवर ४० टक्के. म्हणजे १०,५०० आणि ५,४००, मिळून १५,९०० आमच्या अंगावर. झिरो डेपमुळं ते वाचले. आमचे गेले सक्तीचे १,००० आणि किरकोळ १,३८०. वर्षाला दोन हजारांची ही एक गोष्ट मी डोळे झाकून घ्या म्हणेन, फक्त पाच वर्षांपुढच्या गाडीला काही कंपन्या ती देतच नाहीत, हे आधी विचारा.

आता पिग्मी. बाहेरच्यांना सांगायचं तर रोज दारात माणूस येतो, पन्नास-शंभर घेऊन जातो आणि वर्षानं व्याजासकट देतो. उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये रोज दोन आण्यांवर ही सुरू केली आणि आमच्या भागात तिनं अशी मुळं धरली की सोसायटी, म्हणजे पतसंस्था, म्हटली की आधी पिग्मीच आठवते. आमचा पिग्मीवाला संध्याकाळी सहाच्या सुमाराला येतो, मी मशिनीवर असते. त्याच्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी महिन्याभरात कोरी पांढरी होते, म्हणून मी आकडा पेनानं वहीत उतरवते आणि शेजारी त्याची सही घेते. त्याला ते आवडत नाही. "वैनी, विश्वास नाय काय?" आहे की. पण सही पण आहे.

पिग्मीचा फायदा म्हणजे ते पैसे दिसत नाहीत. ५० रुपये रोज गेले तरी घरात कुणाला कळत नाही, महिन्याला १,५०० एकदम काढा म्हटलं तर तीन दिवस चर्चा. तोटा जानेवारीत कळला. सहा-साडेसहा महिन्यांत जमलेले ९,७५० वर्षाआधी काढायला गेले तर व्याज शून्य आणि आमच्या सोसायटीत तीन टक्के कापून घेतात. हाती ९,४५० च्या आसपास. बाकीच्यासाठी भिशीचा नंबर बदलून घेतला. दहा जणी, दोन-दोन हजार. माझा नंबर एप्रिलचा, जानेवारीचा पल्याडच्या गल्लीतल्या मावशींचा. त्यांना मुलाच्या लग्नाला एप्रिलच बरा, म्हणून जमलं. उरलेले ह्यांच्या पगारातून आणि वाण्याची उधारी लांबवून. त्यामुळं क्लेमचे पैसे आल्यावर त्यातले दहा हजार मी सोसायटीत न टाकता बँकेत एफडी करून ठेवले, कधीही मोडता येईल अशी. शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सोसायटीला ते नाही. पिग्मीपुरती सोसायटी ठीक, जन्माची पुंजी तिथं नको.

घरखर्चाचं बाकी थोडक्यात. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळं लेकीचा कॉलेजचा बसखर्च २०२३ पासून बंद झाला, मी पण खडेबाजारला गाडी काढायला सांगत नाही. लाइट बिल गृहज्योतीत, म्हणजे सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, बसतं, उन्हाळ्यात मात्र माझ्या मशिनीनं आणि पंख्यांनी ठरलेली सरासरी ओलांडतं. आरोग्य विम्याचा हप्ता नोव्हेंबरात आला तेव्हा त्यावरचा जीएसटी गेलेला होता, सप्टेंबरात तो वैयक्तिक पॉलिसींना शून्य झाला. गाडीच्या विम्यावर तो १८ टक्के तसाच आहे. हे आता गोव्याला गेले की तिथल्या स्वस्त पेट्रोलनं टाकी भरूनच येतात, पण तेवढ्यासाठी चोर्ला घाट उतरायचा म्हणजे वेडेपणा, आणि हे मी ह्यांच्यासमोर पण सांगते.

एजंट सोडावा का? आमच्या २,१९५ रुपयांपैकी जीएसटीसकट ८८५ मी त्याच्या दोन गोष्टी काढल्यामुळं वाचले, उरलेले दराच्या फरकाचे. पण सर्व्हेयरच्या मागं फोन करायला कुणी नव्हतं, ते चार दिवस मी स्वतः धावपळ केली. ज्यांना फोनवर भांडायला वेळ आणि भाषा नाही, त्यांनी एजंटाकडूनच घ्यावा, फक्त फोड मागावी. आणि तारीख चुकवू नये. ९० दिवसांच्या वर खंड पडला की जमवलेला बोनस जातो, आणि विम्याशिवाय पोलिसांनी धरलं तर पहिल्यांदा २,००० दंड, पुढच्या वेळी ४,०००.

या जूनमध्ये आमचा बोनस शून्य. रस्त्यावरची मदत घेणार. इंजिन प्रोटेक्टचं अजून ठरत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू केली आणि इंजिनात पाणी गेलं तर साधी पॉलिसी ते देत नाही. आमची गल्ली उंचावर आहे, पण ह्यांना पावसात कणकुंबीला जायची हौस आहे. सगळं धरून हप्ता चौदा हजारांवर जाईल. परवा पिग्मीवाल्याला सांगितलं, उद्यापासून साठ. त्यानं यंत्रात आकडा टाकला, चिठ्ठी फाडली आणि मी म्हणायच्या आधीच वही पुढं ओढून सही केली.