फाउंटनमध्ये मराठी पटकथा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पटकथा शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागतं, हा समज आधी सोडा. फाउंटन ही साध्या मजकुरात पटकथा लिहायची पद्धत २०१२ पासून आहे, फुकट आहे, मोबाइलच्या नोटपॅडवरही चालते. नवशिक्याला मी बिनधास्त हीच सुचवेन. मराठीसाठी मात्र थोडी खटपट आहे.

फाउंटन पात्राचं नाव ओळखतं इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून. देवनागरीत ती नाहीत, म्हणून नावाआधी @ लावायचं. दृश्याच्या शीर्षकाआधी टिंब, आणि टिंबानंतर जागा सोडायची नाही. उदाहरण इंदूरच्या सराफा बाजारातलं (गराडू म्हणजे तिथे तळून मिळणारा कंद):

.बाह्य. सराफा - रात्र

कढईत गराडू तळले जातायत. वहिनी पर्स चाचपते.

@वहिनी
भैया, दो प्लेट गराडू.
(नणंदेला, हळूच)
आई बघत नाहीयेत ना?

नाव आणि संवाद यांच्यात रिकामी ओळ गेली की संवाद वर्णनात जमा होतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इंदूरच्या घरांत मराठी-हिंदी एका दमात बोलली जाते. लिपी एकच असल्यामुळे कीबोर्ड बदलावा लागत नाही, हा मोठाच आराम.

शीर्षकातली वेळ भरतीची समजू नका. दिवसाचा सराफा म्हणजे दागिन्यांची दुकानं, रात्रीचा म्हणजे खाऊगल्ली. एकच शब्द बदलला की जागा, गर्दी, प्रकाश, सगळं बदलतं.

खरा त्रास पीडीएफ काढताना. पटकथेचा ठरलेला फॉन्ट कुरिअर, १२ पॉइंट. त्यात देवनागरी नाही. मग चौकोन उमटतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फाउंटन वाचून पीडीएफ काढणाऱ्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट निवडा आणि 'क्ष', 'र्‍या', 'द्ध' असलेलं एक पान आधी तपासा. फॉन्ट बदलला की 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशोबही कोलमडतो, कारण तो कुरिअरच्या ठरावीक ओळींवर बेतलेला आहे. त्यापेक्षा पाच दृश्यं घड्याळ लावून मोठ्याने वाचा, हालचालींचा वेळ धरा आणि आपल्या पानाला किती सेकंद लागतात ते काढा.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी चिन्ह = हे आहे. ओळीच्या सुरुवातीला ते टाकून दृश्याचा सारांश लिहायचा. छापील प्रतीत तो येत नाही. '= वहिनी सासूपासून लपवून खर्च करते' इतकं एका ओळीत मांडता आलं नाही, तर संवादाला हात लावू नका. नाटकं बघत वाढलेल्या आपल्या लोकांचा हात आधी संवादाकडेच जातो, आणि पर्स चाचपण्यातून जे आपोआप कळतं तेच पात्र पुन्हा बोलून दाखवतं.