पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या कादंबऱ्या : ड्यूनपासून मिस्टबॉर्नपर्यंत

अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांवर बोलताना लोक नकाशे, राजघराणी आणि लढाया यांबद्दल बोलतात. काही महिने या कादंबऱ्या सलग वाचून, आणि त्यातल्या निम्म्या पुन्हा उघडून, माझ्याकडे एकच कसोटी उरली आहे: त्या जगात पाणी आणि धान्य येतं कुठून, वाटतं कोण, आणि कमी पडलं की कोणाचं तोडतात? खानदेशातल्या वाचकाला हा प्रश्न आपोआप पडतो. पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली ती याच हिशेबावर. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असते. त्यामुळे पाणी आटलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांत वाटला जातो. कल्पित जग रचणाऱ्या लेखकाने निदान एवढा विचार केलेला असावा, ही माझी अपेक्षा आहे.

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (१९६५) या कसोटीवर सर्वांत पुढे आहे. अराकिस हा वाळवंटी ग्रह आणि तिथले फ्रेमेन लोक यांच्यात पाणी हेच चलन. मेलेल्या माणसाच्या देहातलं पाणी टोळीच्या मालकीचं, आणि ते मोजून धातूच्या कड्यांच्या रूपात हिशेबात धरलं जातं. एका प्रसंगी हे माप ३३ लिटरांहून थोडं जास्त भरतं. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात ३६ ते ४२ लिटर पाणी असतं. काटक माणूस आणि थोडी घट धरली तर आकडा पटतो. असे बारकावे बरोबर असले की मोठ्या गोष्टींवरही विश्वास बसतो. ग्रह हिरवा करण्याची त्यांची योजना ३०० ते ५०० वर्षांची आहे, म्हणजे लावणाऱ्यांना फळ दिसणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

अडचण आहे ती स्टिलसूटची. हा अंगभर घालायचा पोशाख घाम, लघवी आणि श्वासातली वाफ गाळून पुन्हा पिण्याजोगी करतो. चांगल्या सूटमधून दिवसाला अंगुस्तानभर पाणीच वाया जातं. आता हे जळगावच्या ४५ अंशांत करून पाहा. घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तीच वाफ सूटच्या आत पुन्हा पाणी झाली, तर घेतलेली उष्णता तिथेच परत मिळते. माठाला बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळलं तर पाणी गार होणार नाही, त्यातलाच हा प्रकार. हर्बर्टला हे माहीत होतं असं दिसतं, कारण सूटच्या थरांत उष्णतेची देवघेव करणारे तंतू आहेत असं तो सांगतो. पण बाहेरची हवा अंगापेक्षा तापलेली असेल, तर ते तंतू उष्णता टाकणार कुठे? त्याची बाजू सावरणारी एक गोष्ट आहे: फ्रेमेन बहुतेक प्रवास रात्री करतात आणि दिवसा खडकाच्या आत राहतात. रात्रीच्या गार वाळवंटात तो सूट कल्पनेत तरी चालू शकतो. भर दुपारच्या दृश्यांत मात्र माझा विश्वास डळमळतो.

वाचक 'ड्यून' सोडतात ते पहिल्या शंभर पानांत, अनोळखी शब्दांमुळे. शेवटी शब्दसूची आहे, तिथे आधीच खूणपट्टी ठेवा. पण प्रत्येक शब्द शोधत बसू नका. दुसऱ्यांदा आला तरच पाहा. ग्रहाच्या पर्यावरणावरचं परिशिष्ट तीनपैकी पहिला भाग संपल्यावर वाचावं. त्यानंतर दुसरा भाग फार सोपा जातो.

एन. के. जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) मला 'ड्यून'पेक्षाही जास्त भावली. इथली जमीन सतत हादरते, ज्वालामुखी फुटतात, राखेने सूर्य झाकला जातो आणि हिवाळा लांबतो. किमान सहा महिने टिकला तरच त्याला अधिकृतपणे 'पाचवा ऋतू' म्हणायचं. तो जाहीर झाला की वस्ती दरवाजे बंद करते. भांडारात किती साठा आहे, कोटाच्या आतबाहेर राखून ठेवलेल्या जमिनीत काय पेरायचं, कामानुसार ठरलेल्या वर्गांपैकी कोणाला आत ठेवायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नियमांनी ठरतं. क्रौर्य या यादीतच आहे, त्यासाठी वेगळा खलनायक लागत नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. सातपुड्याकडे पाहत हे पुस्तक वाचताना 'असं कुठे असतं का' हा प्रश्न पडत नाही.

या पुस्तकात गोंधळ होतो तो मांडणीमुळे. तीन बायकांच्या तीन कथा आलटून पालटून येतात आणि त्यातली एक 'तू' अशी थेट वाचकाला उद्देशून आहे. तीन कथांचा काळ एकच आहे असं धरून चालू नका, एवढंच सांगतो. मागे दोन परिशिष्टं आहेत, एक आधीच्या ऋतूंची नोंद आणि एक शब्दार्थ. पहिलं सुरुवातीलाच वाचून टाका, त्याने कथेचं रहस्य फुटत नाही. या त्रयीच्या तिन्ही भागांना लागोपाठ तीन वर्षं विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पहिला भाग त्यांत सर्वांत घट्ट विणलेला आहे.

ल्यू त्सिशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'मध्ये पाण्याची कल्पना सर्वांत धाडसी आहे. तीन सूर्यांच्या ग्रहावर स्थिर काळ कधी संपेल सांगता येत नाही. म्हणून तिथले लोक अंगातलं सगळं पाणी काढून सुकतात, त्यांना गुंडाळून कोठारात ठेवतात आणि काळ सुधारला की पाण्यात भिजवून उठवतात. कल्पना डोक्यातून जात नाही. पण हिशेब अर्धवट आहे: होरपळीच्या काळात तळी कशी टिकतात, बियाणं कोण राखतं, याकडे लेखक वळत नाही. हे सगळं एका संगणकीय खेळातून दाखवलं असल्यामुळे ती पळवाट त्याला मिळते. केन ल्यू यांच्या इंग्रजी अनुवादात (२०१४) चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीची प्रकरणं सुरुवातीला आहेत, मूळ चिनी पुस्तकात ती मध्ये येतात. इंग्रजीतला क्रम मला जास्त योग्य वाटतो, कारण पुढच्या निर्णयामागचा संताप आधीच कळलेला असतो. नावं लक्षात राहात नसतील तर आडनाव पहिलं येतं एवढं ध्यानात ठेवून एका कागदावर लिहून घ्या.

उर्सुला ल ग्विनची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) लहान आहे, इंग्रजी स्वच्छ आहे, आणि जादूच्या किमतीबद्दल तिच्याइतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही. तिथे शिकवतात की रोक बेटावर पाडलेला पाऊस ऑस्किल बेटावर दुष्काळ ठरू शकतो. धरणाच्या वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, यावरून भांडणं पाहिलेल्या गिरणेकाठच्या माणसाला याचा अर्थ समजवावा लागत नाही. तिचीच 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) सुरुवातीला संथ आहे, पण बर्फावरचा लांब प्रवास आणि तिथलं मोजून खाणं यासाठी धीर धरावा.

ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' मालिका (२००६ पासून) सध्या तरुण वाचकांत फार चालते. धातूंचा हिशेब उत्तम आहे: गिळलेलं कथील पोटात जाळलं तर इंद्रियं तीक्ष्ण होतात, लोखंडाने धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलादाने ढकलता येतो, पोटातला साठा संपला की शक्ती संपली, आणि मिश्रधातूचं प्रमाण चुकलं की आजारपण. सराफ्याच्या गावात हे वाचायला मजा येते. पण जिथे रोज राख पडते तिथे एवढी माणसं जगतात कशावर, याचं पूर्ण उत्तर पहिल्या भागात नाही. ते मालिकेत बरंच पुढे मिळतं. पहिला भाग स्वतंत्रपणे पुरा होतो, म्हणून पहिले तिन्ही भाग एकदम घेऊ नका.

मराठीत जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' अजूनही माझ्या यादीत वर आहे. उत्खननात सापडलेली पेटी, तिच्यातल्या माहितीवरून घडवलेला यंत्रमानव, आणि पुढचा प्रत्येक टप्पा कारणासकट. व्यक्तिचित्रं पातळ आहेत, विचार पातळ नाही. मोठ्या पल्ल्याची, आपल्या मातीतली अद्भुत कादंबरी मात्र मला अजून हवी आहे. नंदुरबारकडे अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते. जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा तिथे घरोघरी माहीत आहे. न मरणारा माणूस प्रत्येक दुष्काळात काय खातो, कोणाच्या विहिरीवर जातो, हे कोणीतरी नेटाने लिहायला हवं.

पुस्तकं घेताना उन्हाळ्याचा विचार करा. सहाशे-सातशे पानांच्या पेपरबॅकची बांधणी नुसत्या डिंकावर असते. पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिकीत डिंक मऊ होतो, आणि त्याच वेळी पुस्तक पूर्ण उघडलं तर कण्यावर भेग पडून पानांचे गठ्ठे सुटतात. जाड पुस्तक आडवं ठेवा आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवा, कारण दमट हवेने पानं फुगून लाटा पडतात. ई-रीडरवर डिंकाचा प्रश्न नाही, पण बऱ्याच यंत्रांची वापराची मर्यादा ३५ अंश असते, तेव्हा चार्जिंग रात्री करा. सहा इंची पडद्यावर नकाशे वाचता येत नाहीत. 'अर्थसी'ला बेटांचा नकाशा सतत लागतो, म्हणून तो फोनवर वेगळा उघडून ठेवा. 'फिफ्थ सीझन'ला एकदा पाहिला तरी पुरतो.

पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्याने 'अर्थसी'पासून सुरुवात करावी, मग 'फिफ्थ सीझन', आणि शब्दसूचीची सवय झाल्यावर 'ड्यून'. ज्यांना भौतिकशास्त्राची गोडी आहे त्यांनी 'थ्री-बॉडी' मध्येच कुठेही घ्यावी, फक्त 'ड्यून'च्या लगेच नंतर नको; दोन्हींतला माहितीचा भार सारखाच आहे आणि दुसरं पुस्तक अर्ध्यात सुटतं.