आखडलेला खांदा: रोज फिजिओकडे जावं की घरीच करावं?

फ्रोझन शोल्डर निघाला, आता रोज फिजिओथेरपीला जाऊ की घरीच व्यायाम करू, असं मला महिन्याभरात तिघांनी विचारलं. तिघांनाही मधुमेह आहे. मलाही आहे, आणि मधुमेहींना हे दुखणं जास्त गाठतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

फिजिओच्या हाताला तोड नाही, हे आधी सांगतो. कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवायची हालचाल या दुखण्यात सहसा सगळ्यात आधी जाते. माझी गेलीय हे मॅडमनी दाखवलं तेव्हा कळलं. आपण खांदाच कानाकडे उचलतो आणि हात वर गेला असं समजतो. ही चोरी घरी कोणी पकडत नाही.

मला नडलं ते जाणं-येणं. शेक, करंट, मग दहा-पंधरा मिनिटं हाताने सोडवणं. खांदा छान मोकळा व्हायचा. मग रिक्षा, चार किलोमीटर खड्डे, आणि मी दुखरी कोपर दुसऱ्या हाताने पोटाशी घट्ट धरून बसलेला. पैसे द्यायला मागच्या खिशापर्यंत हात पोचत नसे, म्हणून पाकीट शर्टाच्या खिशात आलं. घर येईपर्यंत खांदा पुन्हा ठणकायला लागलेला असायचा. शिवाय आजचा व्यायाम झाला असं वाटून उरलेला दिवस हात तसाच राहायचा. एकदाच तासभर ओढण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं हलवलेलं मानवतं, निदान माझ्या खांद्याला तरी.

घरी गरम पाण्याची पिशवी, काठी, टॉवेल आणि भिंत एवढ्यावर भागतं. आधी शेकायचं. टेबलाला टेकून वाकायचं आणि हात लंबकासारखा सैल झुलू द्यायचा. उताणं पडून काठीने दुखरा हात हळूहळू बाहेर ढकलायचा. मग बोटांनी भिंत चढायची. मी पेन्सिलने खूण करायचो. कधी तीन-तीन आठवडे ती जागची हलत नसे, तेव्हा फार खचायला व्हायचं, आणि मग एखाद्या सकाळी हात दोन बोटं वर गेलेला असे. व्यायामानंतरचं दुखणं थोड्या वेळात ओसरलं तर ठीक. रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करायचा. दुखण्याच्या पहिल्या काळात तर जबरदस्ती नकोच.

हाड मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर खांदा आखडला असेल, तर माझं ऐकू नका, फिजिओकडेच जा. घरी नेम टिकत नसेल तरीही तेच बरं. नाहीतर पहिले दोन आठवडे जाऊन नीट शिकून घ्यावं, मग घरी करावं आणि पंधरा दिवसांनी एक फेरी मारावी, असं मला वाटतं. वेळ दोन्हीकडे लागतोच, कित्येकांना वर्ष-दोन वर्षं. मला चौदा महिने लागले. फेरीला जाताना भिंतीवरच्या खुणेचा फोटो न्या, आमच्या मॅडम तो बघूनच पुढचा व्यायाम ठरवायच्या.